परत आलेली फ्लॉपी

अप्पा, परवा पुण्याहून तुमच्या नातीचा फोन आला. ती आता एका परदेशी कॉम्प्युटर कंपनीत आहे. तुम्ही असता तर आधी साऱ्या गल्लीला पेढे वाटले असतेत आणि मग तुमची झोप उडाली असती. कंपनीच्या विम्यासाठी तिला काहीतरी भरून द्यायचं होतं. "आई, आपल्या घरात कुणाला काही मोठा आजार होऊन गेलाय का गं?" तिनं सहज विचारलं. मी म्हणाले, "नाही बाई, कुणाला काही नाही." तव्यावरची पोळी करपली. फोन ठेवला आणि माझा उजवा हात आपसूक डाव्या दंडाकडे गेला, कोपराच्या वर, मागच्या बाजूला. तिथं आता दिसत काहीच नाही. पण बोट टेकवलं तर बोटाला दंड लागतो, दंडाला बोट लागत नाही.

तुमची कुष्ठरोगाच्या कामाची सरकारी नोकरी, आणि सायकलवर राहुरी तालुक्यातली गावं. लोक तुम्हाला चट्टेवाले साहेब म्हणायचे. एकदा सुट्टीत मला मागं बसवून देवळाली प्रवरेच्या पुढं, उसातल्या एका वस्तीवर नेलं होतंत. तिथं पेशंट एकच होता हे मला नंतर कळलं. पण तुम्ही प्रत्येक दारासमोर सायकल लावता, प्रत्येक दारात पाणी मागता, म्हशीची चौकशी करता, पोरांचे हात उलटेपालटे करून बघता. एका घरात तुमच्या हातात तांब्या येतो. पुढच्या घरात म्हातारी आधी आडनाव विचारते, आणि मग ओंजळीत वरून पाणी ओतते. तुम्ही तेही पिता. परतताना मी फणफणले होते, तहान नव्हती तर मागितलंत कशाला म्हणून. "एकाच दारात सायकल दिसली की त्या घरची पोरगी बसली जन्माची घरात," तुम्ही पायडल मारत म्हणालात. "समद्याच दारात दिसली की कुनाला काय कळत न्हाई." नुसत्या नावानं माणसाचं काय होतं हे तुम्हाला कुणी शिकवायला नको होतं.

मी दहावीत असताना आपल्याच घरात, माझ्याच दंडावर तुम्हाला तो चट्टा दिसला. आई भाकरी थापतेय, मी बाह्या वर करून भांडी घासतेय, आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून एकदम म्हणता, "इकडं ये. डोळे मिट." कापसाची वात करून तुम्ही माझ्या हातावर टेकवता. कुठं लागलं ते बोटानं दाखवायचं. मनगटावर दाखवते, खांद्यावर दाखवते. मग बराच वेळ तुम्ही काहीच करत नाही, म्हणून मी डोळे उघडते, तर वात माझ्या दंडावर टेकलेलीच असते. आईच्या हातातली भाकरी तशीच थांबलेली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

औषधानं बरं होतं हे तुम्ही हजार लोकांना पटवलं होतंत, मलाही पटवलंत. महिन्याची लाल कॅप्सूल तुमच्यासमोर गिळायची, रोजची पांढरी गोळी आईसमोर. आई एकच मागत होती, की पोरीचं नाव रजिस्टरात घालू नका, औषध काय, तसंही आणता येईल. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याच्या लेकींची नावं घालतोच की मी. आपलीच लेक तेवढी येगळी हाय व्हय?" आणि घातलंत. तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला मात्र तेव्हा तुमचा अभिमानच वाटला होता, कारण ते रजिस्टर तुमच्या कपाटात, कुलपात असायचं आणि किल्ली तुमच्या गळ्यात, जानव्यासारखी, असं आई चिडून म्हणायची. आपल्या घरात जानवं! तुम्ही तेवढ्यातही हसला होतात.

मग ती कंपनी आली. परदेशातली, नगरच्या ऑफिसला फुकट कॉम्प्युटर देणारी. बदल्यात त्यांना सगळ्या पेशंटची माहिती हवी होती, नाव, वय, गाव, जात, चट्टे किती, सगळं. तिचा टायवाला माणूस मीटिंगमध्ये गोड बोलला. तुम्ही उभं राहून विचारलंत, की ही नावं राहणार कुठं? तो म्हणाला, आमच्याकडे, सुरक्षित. "तुमच्याकडं म्हंजी कोन्या गावाला?" सगळे हसले. घरी येऊन तुम्ही ते हसणं आम्हाला करून दाखवलंत, पण जेवला नाहीत. तुमच्या नगरच्या साहेबांनी तुम्हाला सगळ्यांसमोर झापलं होतं, की तुमच्यासारख्यांमुळेच जिल्हा मागं राहतो.

आणि तरी महिनाभरानं त्याच साहेबांनी तुम्हाला पेन बक्षीस दिलं. साऱ्या जिल्ह्यात सुवाच्य रजिस्टर तुमचं, म्हणून. तुम्ही पेन खिशाला लावून आलात, आईला दाखवलंत, मला त्यानं सही करायला लावलीत. आठ दिवसांनी कळलं की अक्षर वाचायला सोपं म्हणून नमुन्यादाखल पहिल्यांदा आपलाच तालुका कॉम्प्युटरात भरला, आणि त्याची फ्लॉपी कंपनीकडे गेलीसुद्धा. तुम्ही ते पेन पुन्हा कधी वापरलं नाहीत. तुमचं अक्षर गचाळ असतं तर आपण वाचलो असतो, हे मी किती वेळा मनात म्हटलंय.

हुकूम आला, नाही असं नाही. मुंबईहून आला, की रुग्णांची नावं, जाती, पत्ते परदेशी कंपनीला द्यायचे नाहीत, गावागणिक नुसते आकडे द्या. चांगला हुकूम होता. फक्त फ्लॉपी गेल्यावर आला. साहेबांनी लिहालिही करून ती परत मागवली आणि तुमच्यापुढे टेबलावर ठेवली. "घ्या तुमची फ्लॉपी. झालं समाधान?" तुम्ही विचारलंत, "साहेब, हिच्यावरून अजून किती नकला काढल्या आसतील?" साहेब म्हणाले, मला काय माहीत. तुम्ही घरी येऊन ओट्याजवळ बसलात आणि आईला म्हणालात, "रजिस्टर परत आलं आसतं तर परत आलं म्हनलो आसतो. हे कसं म्हनू?" आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. तिनं दार लावून घेतलं.

माझ्या लग्नात नवऱ्याचा एक मावसभाऊ कॉम्प्युटरवाला निघाला. मांडवात तुम्ही हातातलं ताट तिथंच खाली ठेवलंत. "कोन्या कंपनीत हायेत पाव्हने?" तुम्ही किती बेतानं विचारलंत! तो टायर कंपनीचा पगार काढायचा. तुम्ही इतके मोठ्यानं हसलात की व्याह्यांना वाटलं, मुलीचे वडील फार आनंदी आहेत.

हल्ली टीव्हीवर पुन्हा तेच चाललेलं असतं, की सरकार परदेशी कंपन्यांना लोकांची नाजूक माहिती देण्यावर बंधनं घालणार. एक म्हणतो प्रगती अडेल, दुसरा म्हणतो देश विकाल. मी बंधनांच्या बाजूची आहे आणि तरी मी टीव्ही बंद करते. कुठल्या तरी थंड देशात, कुठल्या तरी खोलीत माझं नाव, आपलं गाव, आपली जात आणि माझा दंड अजून एका ओळीत बसलेले असतील, आणि एखाद्या दिवशी ते माझ्याच लेकीच्या टेबलावर उघडतील, असं मनात येतं. "का लपवलंस?" म्हणून तिनं विचारलं तर काय सांगू? महारोग हा शब्द तिच्यासमोर माझ्या तोंडून फुटत नाही, अप्पा. बरी होऊन इतकी वर्षं झाली तरी फुटत नाही.

हे लिहून मी कुठं पाठवणार? चूलही नाही आता जाळायला, गॅसवर कागद धरावा लागेल. वाचून बघितलं तर यात तुमचं, आईचं, माझं, लेकीचं, कुणाचंच नाव मी घातलेलं नाही. ठरवून नव्हे, हात तिकडे वळलाच नाही. आणि खरं सांगायचं तर मी लेकीलाच पत्र लिहायला बसले होते. पण पहिलाच शब्द "अप्पा" असा आला. तुम्ही कुणाला सांगणार नाही.