तीन बिटं आणि तडकलेली चार दारं

मी, खाली सही करणार, वय त्र्याहत्तर, धंदा सुतारकाम, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बायकोचे दडपण यात धरू नये. ते पन्नास वर्षांपासूनचे आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव हिच्या एकटीच्या नावे. तिच्या हयातीत भिंतींना कोणता रंग द्यायचा यावर मुलांनी तोंड उघडू नये.

२. धाकट्याला स्कूटर. हत्यारे देत नाही, कारण त्याला बोटे हवी आहेत. पोरगा गुणाचा आहे, रोज न चुकता फोन करतो.

३. मेव्हण्याने नेलेला रंधा त्याच्याकडेच राहू द्यावा. पात्याला खांडे पाडून आता परत आणलाच, तर घेऊ नये.

४. दुकान, लाकडाला खाचा व कडा पाडणाऱ्या राऊटर यंत्राचे टेबल व त्यात बसवायची कपाटाच्या दारांची तीन बिटे, म्हणजे फिरती पाती, थोरलीला. दोन बिटे चौकटीच्या पट्ट्यांची, तिसरे मधल्या पॅनलच्या उतरत्या कडांचे. हे तिसरे मोठे आहे, म्हणून राऊटरचा वेग कमी ठेवावा व कड तीन-चार फेऱ्यांत उतरवावी. बिटांची उंची लावायला नमुन्याचे ठोकळे डब्यात आहेत. पॅनल खाचेत मोकळे बसवावे, सरस लावू नये, कारण लाकूड हवेप्रमाणे फुगते व आकसते. हे सगळे तिला माझ्याहून चांगले येते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

५. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरातली चार दारे तडकली. पॅनलला सरस थोरलीने लावला, असे मी बाईंच्या तोंडावर सांगितले. ते खोटे होते. घाईत मी ठोकळा न लावता अंदाजाने बिट चढवले, पॅनलच्या कडा पातळ झाल्या, दारे खडखडू लागली. आवाज बंद करायला सरस मी लावला. पोर दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या दुकानात कामाला जाऊ लागली. सणावाराला घरी येते, दुकानाची पायरी चढत नाही. मला त्याची फार लाज वाटते.

लिहून देणार: सही
साक्षीदार: समोरचे टेलरमास्तर, सही
साक्षीदार: पोस्टातले काका, सही
स्थळ: माझे दुकान. दिनांक ९ जून

ता. क. सही करताना टेलरमास्तर म्हणाले, "अहो, हे मेल्यावर वाचून तिला काय मिळणार? पाय धड आहेत ना तुमचे?"

गेलो थोरलीकडे. ती म्हणाली, "बाबा, मला कशाला सांगता? मला तेव्हाच माहीत होतं. त्यांना सांगा."

आज तिला बरोबर घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून सगळे सांगितले. बाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. थोरलीला म्हणाल्या, "नवीन दारं तू करून देशील का गं?"

कलम पाच रद्द समजावे. बाकी कायम.

सही, वरील दोन्ही साक्षीदारांसमक्ष. दिनांक १२ जून