बॅगा हलल्यासुद्धा नाहीत

सोमवार, ४ जानेवारी १९५४
अन्नपूर्णेला आरमोरीला माहेरी जाऊन आज अकरा दिवस. घर खायला उठतं. कारण मात्र क्षुल्लक. पोर्ल्याच्या बाजाराहून येताना फटफटी खाचेत आदळली, अन्नपूर्णा मागच्या मागे घसरून पडली आणि मी थोडा पुढे गेलो. (आमच्या जंगल खात्याच्या रेंज कचेरीतल्या नव्या फायलिंगबद्दल तिला सांगत होतो. विषय महत्त्वाचा होता.) ती म्हणते, मैलभर गेलात. बायकांना अंतराचा अंदाज नसतो.
खरा दोष तिच्या मांडीवरच्या गाठोड्याचा. हात त्यात गुंतलेले, मग मला धरणार कशाने? उपाय सापडला: सीटवरून दोन्हीकडे लोंबणाऱ्या बॅगा. रविवारी फटफटीवरूनच तिला आणणार. संक्रांत घरी.

मंगळवार, ५
लटारू मोच्याला जुन्या तंबूचं कापड आणि डिझाइन दिलं. दोन बॅगा, मधे दोन पट्टे. तो म्हणाला, नुसत्या टाकून नाई होत साहेब, खाली बांधा लागते. त्याला गुरुत्वाकर्षण समजावलं. त्याने कापड मोजायला घेतलं. पटलं असावं.

गुरुवार, ७. सायंकाळी
बॅगा आल्या. झकास. उजवी सायलेन्सरला टेकली, कोपरा जळला. ती वर ओढली. आता डावी खाली. दिसायला जरा तिरकं, पण रस्ताही कुठे सरळ आहे?

शुक्रवार, ८
ट्रायल. कचेरीभोवती तीन फेऱ्या, अव्वल. जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, वारलू बैलाच्या पाठीवर हिरड्याच्या गोण्या घालून आला होता. बघत उभा राहिला. म्हणे, दोन्हीकडं वजन सारखं पायजे, अन् एक दोर शेपटीखालून पायजे, नाईतर चढावर गोणी मागं सरकते. फटफटीला शेपटी नसते, हे मी त्याला हसून सांगितलं. तो म्हणाला, गोणी पडली तं बैलाले मालूम पडते, तो थांबते. तुमची गाडी थांबन का? तुमीच मागं पाहात जा.
अडाणी, पण मनाने चांगला.

रविवार, १०. सकाळी ६
डावीकडे नवं लुगडं, उजवीकडे तिळाचे लाडू. निघालो.

रविवार, १०. दुपारी ४, आरमोरी
प्रवास उत्तम. शेवटच्या चढानंतर तर फटफटी एकदम हलकी पळायला लागली. वजनाच्या विभागणीचा परिणाम.
अंगणात सासरे मुखरूजींना सगळं डिझाइन समजावलं. म्हटलं, वाटभर बॅगा हलल्यासुद्धा नाहीत. सासूबाईंनी फटफटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, कोन्त्या बॅगा?
अन्नपूर्णा दारात उभी होती. मी मागे वळून रस्ता बघितला.
दोन तासांनी वारलू बाजाराला जाता जाता, फटफटी कुठे थांबली ते विचारत, दारात आला. बॅगा त्याच्या बैलावर. शेपटीखालून दोर. म्हणे, चढावर पडल्या, मी लय आवाज देल्ला. बैलावर खरंच हलत नव्हत्या, म्हणजे डिझाइन निर्दोष आहे.
अन्नपूर्णा म्हणाली, हे पडलं तेबी तुमाले मालूम नाई पडलं? आणि हसली. सतरा दिवसांनी तिचं हसू ऐकलं. फार बरं वाटलं.

सोमवार, ११. सायंकाळी, घरी
अन्नपूर्णा आली. सर्व्हिस मोटारीने. बॅगा मांडीवर. मला मोटारीच्या मागे, तिला दिसेन असं यायला सांगितलं. धूळ खाल्ली. शेवटच्या बाकावरून ती सारखी वळून बघत होती. फटफटीबद्दल तिचं मत बदलतंय, हे उघड होतं.
पोर्ल्याजवळ त्याच खाचेत मी पडलो. गुडघा खरचटला. मान वर केली तर मोटार थांबलेली, आणि ती पदर खोचून धावत येत होती. ड्रायव्हरला तिनेच ओरडून थांबवलं होतं.
मोटारीपर्यंत लंगडत गेलो. पावलं मोजली. तीस.
सोमवार, ४ जानेवारीच्या नोंदीत ‘थोडा पुढे गेलो’ असं लिहिलं आहे. ते खोडलं. मैलभर.