नमुना अपुरा

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर साधनांची अडचण नको.

जळगावच्या आमच्या बी.एड. कॉलेजात जानेवारीत बहुविद्याशाखीय परिषद आहे. शिक्षण, भाषा, विज्ञान, कायदा, सगळं एकाच मांडवात. आलेले पेपर तपासायला समिती दोघांची. मी आणि ज्योत्स्ना महाजन. बाई माझ्याहून नऊ वर्षं ज्युनियर.

जानेवारीअखेर विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. माझा फक्त एक पेपर कमी आहे. प्राचार्य म्हणाले, भूपेंद्रसर, या परिषदेत तुमचा पेपर आला तर खुर्ची तुमची, नाहीतर मला मॅडमचा विचार करावा लागेल. मी नुसता हसलो. पेपर म्हणजे चार दिवसांचं काम.

संकल्प: पहाटे पाचला उठून लेखन.

३ डिसेंबर

साडेआठला उठलो. थंडी.

५ डिसेंबर

चहासोबत पेपर तपासायला घेतले. चहा टाकून द्यावा लागला. पहिलाच पेपर शाळांतल्या मुलींच्या स्वच्छतागृहांवर! यावल ते पारोळा चौदा शाळा, फोटोंसकट, तेही रंगीत. दाराला कडी नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, वगैरे वगैरे पानोपानी. ही काय शिक्षणशास्त्राची भाषा झाली? शिसारी आली अगदी. पेपरवर नाव झाकलेलं असतं, पण एस.टी.नं चौदा शाळा पालथ्या घालणारं माणूस आमच्याकडे एकच आहे, आणि ते माझ्यासोबत समितीत बसतं.

शेरा मारला: विषय किळसवाणा, नमुना अपुरा.

७ डिसेंबर

विज्ञान. केळीच्या सालीची भुकटी टाकून गढूळ पाणी साफ करणे. लेखकानं पुरावा म्हणून बाटलीच पाठवली. ती टेबलावर बघवेना म्हणून वर रुमाल टाकला. शेवटी शिपाई उखर्डूनं ते पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं. तुळस तरारली. योगायोग. शेरा: नमुना अपुरा.

भाषा. खान्देशी लग्नगीतांतल्या शिव्या. अठरा पानं नुसत्या शिव्या! किळस आली. खात्री करून घेण्यासाठी दोनदा वाचल्या. नमुना अपुरा.

कायदा. बांधावरच्या बाभळीचा मालक कोण? चाळीस पानं. निष्कर्ष: अधिक संशोधनाची गरज आहे. बाभूळ मधल्या काळात वठली. नमुना अपुरा.

वीट आलाय. या देशात संशोधन म्हणून काय काय खपवतात!

१० डिसेंबर

माझ्या पेपरचं शीर्षक ठरलं. ‘खान्देशातील शेतकरी कुटुंबांची वाचनसंस्कृती: एक चिकित्सक अभ्यास’. शीर्षक झालं की निम्मं काम झालं. एका जुन्या प्रबंधातून प्रश्नावली घेतली, दोनशे प्रती काढल्या. सुलक्षणानं एक प्रत उचलून विचारलं, यातले प्रश्न तुम्ही वाचलेत का? बायकोला शास्त्रीय पद्धत समजावत बसायला वेळ नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

यावलला क्षेत्रकार्य. स्टँडबाहेर पारावर बसलो. तीन तासांत तीन माणसं. एका बाईनं विचारलं, भाऊ, अंगठा कुठं लावायचा? म्हटलं, आधी प्रश्न तर ऐका. ती म्हणाली, केळी भरायची गाडी लागली आहे, प्रश्न तुम्हीच ऐका. दुसऱ्यानं प्रश्नावलीच्या अर्जावर तंबाखू मळली आणि अर्ज झटकून कोराच परत दिला. तिसऱ्याला अर्ज नाही, रावेरची गाडी हवी होती.

लोकांना ज्ञानाची चाडच नाही. पाचच्या गाडीनं परत.

१६ डिसेंबर

सुचलं! लोकांकडे कशाला जायचं, लोकच आणू. पारोळ्याजवळ सासऱ्यांच्या शेतात दर हिवाळ्यात भरीत पार्टी असते. दोनशे माणूस सहज जमतं. प्रत्येक पत्रावळीशेजारी एक अर्ज. जगात ही पद्धत आजवर कुणी वापरली नसेल. पेपरात स्वतंत्र प्रकरण करीन.

२२ डिसेंबर, रविवार

प्रचंड यश.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, तेव्हाच मी अर्ज वाटले. पण भरीत तयार झालं तरी लोक पहिल्या प्रश्नावर. सासरे हिलालनाना अस्वस्थ झाले. म्हणाले, “जवाई, भरीत थंडं व्हई जाई. मी वाचस, बठ्ठा टिक करतीन.” आणि सगळ्यांची एकदम टिक व्हावी म्हणून देवळाचा माईक हातात घेतला. “घरमा कोनी वाचस का? वाचस! ‘हो’वर टिक करा बठ्ठा.”

गावातले भटूआबा तेवढे उठून म्हणाले, “नाना, आमना घरमा पेपर भाकर बांधाले लागस.”

नाना म्हणाले, “म्हंजे पेपर येस ना? हो लिख.”

त्यानंतर कुणी उठलं नाही. ज्याच्या शेतात भरीत खायचं त्याच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? चोवीस प्रश्न अकरा मिनिटांत. मी तोवर दोनदा पुरी घेतली.

२४ डिसेंबर

अर्ज मोजले. एकशे नव्याण्णव अर्जांत चोवीसही उत्तरं तंतोतंत सारखी! इतका स्वच्छ निष्कर्ष मी जन्मात पाहिला नाही. शंभर टक्के शेतकरी कुटुंबं रोज वाचन करतात.

फक्त दोनशे नंबरचा अर्ज वेगळा. कुठेच टिक नाही, हातानं काहीतरी लिहिलंय. असा एखादा विक्षिप्त निघतोच. न वाचता खणात टाकला. संशोधनात कठोर व्हावं लागतं.

६ जानेवारी २०२५

पेपर दिला. सोबत वाटलेल्या दोनशेपैकी एकशे नव्याण्णव अर्ज दिले, परिशिष्टात फोटो जोडला: माईकवर नाना, मागे वांगी. नियमाप्रमाणे माझा पेपर ज्योत्स्नाबाई तपासणार. शिकेल काहीतरी.

संकल्प: प्रमुख झाल्यावर खुर्चीला नवी गादी.

११ जानेवारी, शनिवार

पेपर परत आला. नीच मत्सर!

शेरा जसाच्या तसा उतरवतो, पुढे पुरावा लागेल. “अर्जांना लसणाचा वास आहे, तो दोष धरलेला नाही. फोटोवरून सर्व उत्तरं माईकवरच्या गृहस्थांची दिसतात. अर्ज क्र. २०० गाळल्याचं कारण दिलेलं नाही. प्रत्यक्ष नमुना: एक. अपुरा.”

प्राचार्यांकडे गेलो. ते फोटो बघत म्हणाले, वांगी चांगली दिसतायत.

१८ जानेवारी

परिषद. मी स्वागत समितीत, गुलाबपुष्पं वाटायला. स्वच्छतागृहांवरचा माझा शेरा प्राचार्यांनी खोडला होता. उत्कृष्ट पेपरचं बक्षीस त्यालाच. धुळ्याहून आलेल्या अध्यक्षांनी सांगितलं, चौदांपैकी सहा शाळांत कड्या बसल्यासुद्धा. टाळ्या थांबेनात. मला सगळ्याचाच उबग आला. गुलाब उरले होते, एक मॅडमना द्यावा लागला.

१ फेब्रुवारी, शनिवार

त्या प्रमुख झाल्या. सोमवारी हाफ-डे हवा आहे, अर्ज त्यांच्या सहीला जातो. जुना कागद शोधताना खणात दोनशे नंबर सापडला. अक्षर सुलक्षणाचं. म्हणजे त्या दिवशी चुलीपाशी बसून तिनंही एक अर्ज भरला होता.

घरात रोज कुणी वाचतं का? “मी. दुपारी, जेवणं उरकल्यावर.”

किती वर्षांपासून? “लग्न झाल्यापासून.”

घरातले पुरुष काय वाचतात? “दुसऱ्यांचे पेपर. वाचतात आणि चिडतात.”

वाचलेल्याबद्दल घरात बोलणं होतं का? इथे रेघ.

सूचना असल्यास: “हे प्रश्न मला घरीसुद्धा विचारता आले असते.”

एकोणीस वर्षं झाली. दुपारी ती झोपते अशी माझी समजूत होती. स्वतःचीच शिसारी आली. एवढी मला त्या स्वच्छतागृहांच्या फोटोंचीही आली नव्हती.

आत गेलो. ती पुस्तक घेऊन बसली होती. विचारलं, काय वाचतेस?

तिनं पान मुडपलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, एकोणीस वर्षांत एकच प्रश्न? नमुना अपुरा आहे.