लालीला कुठलं इंजिन

१४ जुलै १९९८
लाली दोरीला बांधून आली, म्हशीसारखी. पुढं टेम्पो, मागं ही, आत माझे दीर नाना तोंड पाडून. सकाळी मित्राला घेऊन त्र्यंबकला गेलेले. "वहिनी, गाडी उभी राहून सडते, जरा फिरवून आणतो." फिरवली. इंजिनातला रॉड तुटून बाहेर आला, पोटाला भोक.
म्हटलं, नाना, देवाला असं काय मागितलंत, की एवढ्या लवकर दिलं? हसले नायत.
हे जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं नाना एकच म्हणतात, मुंबईचा एक माणूस ही लाल विलायती दोन सीटवाली मागतोय, देऊन टाका. आणि आज बरोबर त्यांच्याच हातून मोडली! मला काय कळत नाय होय.

१६ जुलै
नाना (आता नुसतं ना. लिहिते) आले. शेड त्यांची, लाली त्यात उभी. म्हणे दसऱ्याला शेड रिकामी पाहिजे. "स्वतःच्या इंजिनवर बाहेर निघाली तर तुमच्या दारात ठेवा. नायतर मुंबईवाला उचलून नेईल."
बरं म्हटलं. का ठेवायचीय ते सांगितलं नाय. चालवायचीय मला. ह्यांनी उभ्या जन्मात स्टेरिंगला हात लावू दिला नाय.

१९ जुलै
बशीरभाई आले. लाली घरात आली तेव्हापासून तेच मेकॅनिक. बॉनेट उघडून बघत राहिले, मान हलवत.
"भाभी, इसका तो दिल गया."
"साहेब गेले तेव्हाबी एवढं तोंड नव्हतं केलं तुम्ही."
तीन इंजिनं सांगितली. एक, जीपचं डिझेल. ना.च्या ओळखीत तयार हाय म्हणे (असणारच). दोन, लालीच्याच कंपनीच्या साध्या चार दारांच्या गाडीचं, बाहेरून सेम दिसतं. तीन, असली, हिच्याच जातीचं. मुंबईच्या भंगार बाजारात मिळालं तर.
ना. डिझेल डिझेल करतात. म्हटलं, कापूस पिंजल्यासारखी वाजंल, लोक उशा घेऊन येतील दारात.
बशीरभाई दोन नंबरवर अडून. "असली का नको?" विचारलं. "नाय मिळत, भाभी. और फर्क क्या पडता है." हे बोलताना पाना पुसत होते. स्वच्छ पाना.
जुनं इंजिन काढून गॅरेजवर नेलंय. चांगले पार्ट काढून घेतले तर? मला काय कळणार.

२२ जुलै
दुपारी न सांगता गॅरेजवर गेले. बशीरभाई नमाजाला गेलेले, बरंच झालं. पिशवीत कागद, पेन्सिल, केसातला आकडा. शाळेत पैशावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, आरटीओवाले इंजिनाच्या नंबराचा छाप तसाच घेतात. आपल्याकडं एक असावा. मग बदलून दाखवा म्हणावं.
नंबर दिसंचना. त्यावर माझंच हळदकुंकू. दर दसऱ्याला हे बॉनेट उघडायचे, बोट ठेवायचे, "इथं लाव." हे गेल्यावरही लावलं मी. ना. म्हणाले, वहिनी, तुम्ही कसं लावता? म्हटलं, विधवा मी हाय, गाडी नाय.
तेल आणि कुंकू बसून नुसती खपली झालेली. आकड्यानं खरवडली, छाप घेतला. घरी येऊन आरसी बुकाशी जुळवला.
जुळत नाय. एक आकडा चुकला म्हणावं तर तसंबी नाय, सुरुवातच वेगळी.
म्हणजे बदललं! आठ दिवस नाय झाले तर! आणि मी ह्या माणसाच्या पोरींच्या लग्नात पुढं होऊन जेवणं वाढली.

२३ जुलै
गेले भांडायला. कागद तोंडासमोर धरला. बशीरभाईंनी चष्मा लावला, वाचला, मला परत दिला.
"भाभी, मी बदललं. चलो, मान लिया. आणि कुंकू? तेबी मीच लावलं काय, पंधरा वर्षांचं?"
चहा मागवला होता. न पिता आले.

२४ जुलै
झोप नीट नाय. खपली या इंजिनावर, म्हणजे हे इंजिन जुनंच इथं. म्हणजे बदललं ह्यांनी. आणि मला बोट दाखवून, "इथं लाव."
बाई गं. मी स्वतःच्या हातानं झाकत होते, दर वर्षी, वर नारळ फोडून.
असली कुणाला दिलं? महिन्यातून दोनदा घोटीला तांदूळ बघायला जायचे. दोन माणसांच्या घरात एवढा तांदूळ कोण खात होतं?
आज फोटोला हार घातला नाय. बघा टकामका.

२ ऑगस्ट
बशीरभाई स्वतः आले. बाहेरच बसले पायरीवर. म्हणाले साहेबांनी शपथ घातली होती, पण तुम्ही माझ्यावर चोरी घातली, आता सांगतो.
त्र्याऐंशी साल. असलीचा ब्लॉक तडकलेला. उभी चीर. "तापलेल्या इंजिनवर कुणीतरी गार पाणी ओतलं होतं, भाभी. वो ठीक होनेवाला था ही नहीं." भंगारात गेलं. साहेब म्हणाले, चार दारांच्या गाडीचं बसव आणि तिला कळू देऊ नको.
"तिला म्हणजे?"
"तुम्हाला."
"पाणी कुणी ओतलं म्हणाले?"
"माझ्याच हातनं झालं, म्हणाले."
मी आत जाऊन उगाच भांडी आवरली.

३ ऑगस्ट
हे कुठंच लिहिलं नव्हतं. ह्या वहीतबी नाय, हे वाचतील म्हणून.
त्र्याऐंशीचा उन्हाळा. हे दोन दिवस मुंबईला. किल्ली पोह्यांच्या डब्यामागं ठेवायचे, त्यांना वाटायचं मला ठाऊक नाय. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, भीती कसली. इंदिरानगरात तेव्हा घरं थोडी, रस्ता रिकामा. पाथर्डी फाट्यापर्यंत गेले. पदर उडत होता, लय हसले एकटीच. येताना वाफ. शेपूच्या वाफ्यात एक बाई होती, तिनं कळशी दिली. भरून ओतली, आतपण, वरपण. टण्ण वाजलं. मला वाटलं, थंड झालं बरं.
कशीबशी घरी आणली. जुन्या पातळानं पुसली, किल्ली डब्यामागं.
हे आले, दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला. एक शब्द नाय. मिठावरून घर डोक्यावर घेणारा माणूस! त्याच दसऱ्याला "इथं लाव".
माहीत होतं का मग? का खरंच वाटलं स्वतःच्या हातनं झालं? माहीत असेल तर तेरा वर्षं मजा बघत होते माझी. चेष्टा करण्यात आपण वरचढ, असं मी समजत होते.
शेपूवाल्या बाईनं सांगितलं असेल? भाजी द्यायला यायची कधीकधी.
हार घातला. पण विश्वास नाय.

११ सप्टेंबर
असली सापडलं. बशीरभाईंचा फोन, मुंबईला एक मोडायला काढलीय. ना. हजरच. "वहिनी, डिझेल परवडतं." बशीरभाई म्हणाले, चार दारांचंबी तयार हाय, साहेबांची पसंत.
म्हटलं, असलीच बसवा. जे गेलं तेच.
ना. म्हणाले, एवढा हट्ट कशापायी? म्हटलं, तुम्ही त्र्यंबकला परत मागायला जा, मी नको म्हणत नाय.

२५ सप्टेंबर
चालू झाली! आवाज तोच, मी विसरले नव्हते. शेडमधून मीच काढली बाहेर. ना. दारात उभे, तोंडातलं पान चावायचे थांबले. "वहिनी, तुम्हाला येतं?"
बशीरभाई बाजूच्या सीटवर. हळूच म्हणाले, "तापली तर थांबायचं, भाभी. पाणी लगेच नाय ओतायचं."
मी बघितलं त्यांच्याकडं. ते समोर बघत होते. नव्या ड्रायव्हरला सगळे सांगतात तसं सांगितलं, का काय?
आता आरटीओचा फॉर्म समोर हाय. नवा नंबर लिहिला, सही केली. एक रकाना राहिलाय, इंजिन बदलण्याचं कारण. ना. म्हणतात, जुनं खराब झालं लिहा की, त्यात काय विचार करायचा.
कोणतं जुनं. बुकात तर अजून पहिलंच हाय. आणि झालं कसं, कुणाच्या हातनं...
चहा गार झाला. कारण :