एकाच महिन्याची भावंडं

१९ ऑक्टोबर

उग्लेशाला आज मातीत ठेवलं. ट्रॅक्टर उतारावर उलटला — एवढंच. सव्वीस वर्षांचा माझा भाचा.

पेटी बंद करायच्या आधी त्याच्या आईने, माझ्या वहिनीने, कोटाखालून घोड्याचा लोखंडी पायबंद काढला. एक कडी मेलेल्याच्या पायात, दुसरी धाकट्या वेल्कोच्या! दोघे भाऊ फेब्रुवारीत जन्मलेले ना. एकाच महिन्याच्या भावंडांतलं एक गेलं की दुसऱ्याला ओढून नेतं. म्हणून जिवंताने घराबाहेरच्या कुणाला तरी हाक मारायची, “देवाच्या नावाने माझा भाऊ हो, मला सोडव” म्हणायचं, आणि त्याने कडी उघडायची. आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मी पायबंद हिसकावून घेतला. “स्तामेन्का, जन्मभर मी रसायनशास्त्र शिकवलं. माझ्या डोळ्यांदेखत हे होणार नाही.”

“वन्सं, तुमचं शास्त्र गेलेल्याला परत आणतं का? मग राहिलेल्याला तरी राहू द्या!”

मी पेटीला खिळे ठोकायला सांगितलं.

२७ ऑक्टोबर

वेल्को व्हिएन्नाला परत गेलेला नाही. बांधकामावरचा मुकादम फोन करतो, हा उचलत नाही.

३ नोव्हेंबर

घेवड्याचा रस्सा केला, भरपूर बरगड्या घालून. लहानपणी वेल्को भावाच्या ताटातलाही ओढून खायचा. आज नुसता चमचा फिरवत बसला.

“आत्या, उजवा पाय जड झालाय. कुणी ओढल्यासारखा.”

“कोण ओढतंय?” माझा शाळेतला आवाज.

“तुला माहीत आहे.”

पोटरी दाबून पाहिली. सूज नाही, काही नाही. कॉलर मात्र गळ्याभोवती सैल झाली आहे.

९ नोव्हेंबर

वेल्कोला खाली निश शहरातल्या इस्पितळात घेऊन गेले. रक्त उत्तम, हृदय उत्तम, पाय उत्तम. झोपेच्या गोळ्या दिल्या. निघताना तरुण डॉक्टर दारापर्यंत आला आणि हळूच विचारतो, “बाई, याला सोडवला होता का?”

पांढरा कोट घातलेला माणूस! वरून म्हणतो, “मीही डोंगरातलाच आहे.” मी गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर वेल्को एवढंच म्हणाला — “बघ.”

१५ नोव्हेंबर

विजार दोरीने बांधतो आता. स्तामेन्का माझ्याशी भांडत नाही. कॉफी समोर ठेवते आणि बघत उभी राहते. भांडली असती तर बरं!

भीतीने माणूस मरतो, हे मला पटतं. त्याला शास्त्रात आधारही आहे. मग हे पोर मेलं तर कशाने मेलं म्हणायचं? फेब्रुवारीने — की माझ्याने?

तबेल्यात जाऊन पायबंद शोधून काढला. गंजला होता. तेल घातलं.

१७ नोव्हेंबर

हाकेला ओ देणारा मिळेना. गावात उरलोयत किती! शेजारच्या झिवोताने आधी होकार दिला होता. आज दारात टोपी चुरगाळत उभा.

“मास्तरीणबाई, गुडघ्याचं निमित्त सांगू, का खरं सांगू?”

“खरं सांग.”

“लेकीने फोनवर रडून गोंधळ घातला. मेलेल्याची जागा घ्यायची म्हणजे... तुम्ही तर मानत नाही ना? मग तुम्हालाच काय हरकत आहे?”

गाढव समजत होते त्याला.

१८ नोव्हेंबर

झालं. थडग्यापाशी, भर दुपारी. एक कडी क्रॉसच्या बुंध्याला, एक वेल्कोच्या पायात. मी ओ देणार म्हटल्यावर स्तामेन्का घाबरली — “वन्सं, घरच्याच तुम्ही, पण आता दुसरं कोण आहे! तुमचा मार्च ना?” “मार्च,” मी म्हटलं. मला थंडी वाजत होती, उरकायचं होतं.

त्याने तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा आवाज फाटला. मी म्हटलं, “सोडवलं. आजपासून मी तुझी बहीण.” आणि कडी उघडली.

पोरगं खाली बसून लहान मुलासारखं रडलं. मग म्हणालं, “आई, भूक लागली.”

२० नोव्हेंबर

ब्रेड, चीज, लोणच्याच्या मिरच्या, परत ब्रेड. मुकादमाशी फोनवर भांडला. शिव्या अंगणापर्यंत ऐकू आल्या. काय गोड वाटल्या!

२४ नोव्हेंबर

सरपण रचताना एकदम हात थांबला.

आई सांगायची, “तू स्रेतेन्येच्या सणाला झालीस, अस्वल गुहेबाहेर येतं त्या दिवशी.” स्रेतेन्ये म्हणजे फेब्रुवारी! तेव्हा बर्फाने रस्ता बंद होता. वडील मार्चमध्ये उतरले आणि नोंद मार्चची झाली. शाळेत, नोकरीत, पेन्शनला मी मार्चच लिहीत आले. स्तामेन्कालाही तेच सांगितलं.

म्हणजे सोडवला नाही. एका फेब्रुवारीतून काढून दुसऱ्याला बांधला — आणि तोही म्हातारीला! मी गेले की पुन्हा तोच ओढला जाणार.

अर्थात हे सगळं मानलं तर. मी मानत नाही.

कुणाला सांगायचं नाही.

२८ नोव्हेंबर

वेल्को व्हिएन्नाला गेला. बसच्या खिडकीतून ओरडला, “येतो गं, ताई!” लोक हसले. त्याची आत्या आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मला हसता आलं नाही.

१ डिसेंबर

निशला हृदयाच्या विभागात फोन केला. माझी झडप बदलायची आहे. दोन वर्षं मीच नको म्हणत होते — पुरे झालं, म्हणायचे. आज म्हटलं, सर्वांत लवकरची तारीख द्या.

पलीकडची बाई हसली. “काय हो, अचानक जगावंसं वाटलं?”

“वाटण्याचा प्रश्न नाही,” म्हटलं. “माझा भाऊ अजून चोवीसचा आहे.”