हात पाठीमागे ठेवून बसण्याची अट

मी, खाली सही करणारी, सुताराची बायको आणि लाकडाला पॉलिश करून स्वतःचं पोट स्वतः भरलेली बाई, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहिते. गुडघे गेलेत, जिना चढताना धाप लागते. डोकं मात्र ठणठणीत आहे. शंका असेल त्याने समोर येऊन भांडून बघावं.

राहतं घर माझ्या एकुलत्या एका मुलाला. बँकेतली शिल्लक सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. नोकरी, घर आणि लेकीचा अभ्यास ओढून ती हसते कशी, देव जाणे. जाऊबाईंनी चार दिवसांसाठी म्हणून नेलेला पितळी डबा त्यांनाच ठेवावा. तसाही तो परत येत नाही, निदान दिल्याचं पुण्य तरी मला लागू दे.

आता ह्यांची हत्यारं. करवती, रंधे, पटाश्या, सगळं मुलाला, पण एका अटीवर. रोज संध्याकाळी त्याने लेकीजवळ अभ्यासाला बसायचं, हात पाठीमागे ठेवून.

कारण लिहिते. नातीला शाळेसाठी पूल करायचा होता. तिने पुठ्ठ्याचा केला, जरा डुगडुगणारा. आमच्या चिरंजीवांनी तो बाजूला सारून सागवानी केला, सांधे असे की नख शिरू नये. पहिलं बक्षीस आलं आणि पोरगी तोंड पाडून घरी आली. "आजी, बाईंनी विचारलं हा उभा कसा राहतो. मला सांगताच आलं नाही."

मुलाला बोलले तर म्हणतो, "मदत केली तरी माझंच चुकलं? यापुढे तिचं तिच्या आईने बघावं." वा रे वा! तेव्हापासून तिच्याजवळ मी बसते. मी गेल्यावर कोण बसणार? सुनेला काय चार हात आहेत?

अरे, तू पहिलं स्टूल केलंस तेव्हा वडील हात मागे धरून उभे होते. करवत वाकडी गेली तरी हात सुटले नाहीत. फक्त विचारायचे, "आता काय करशील?" स्टूल लंगडंच झालं, पण त्यावर बसून ते ऐटीत चहा प्यायले. तू सुतार झालास तो तिथे. तिच्या पुस्तकातलं तुला येत नसेल तर तिलाच विचार. बापाला त्यात लाज कसली?

अट मोडल्यास हत्यारं नातीची. मग रोज तिच्याकडून मागून घे.

पुढचा मजकूर मागाहून जोडला आहे. सहीआधी वरचं सगळं नातीने मोठ्याने वाचून दाखवलं. "मला सांगताच आलं नाही" इथे तिने कागद खाली केला. मुलाने कागद घ्यायला हात पुढे केला, मग थांबला आणि हात मागे नेले. म्हणाला, "तुझा पुठ्ठ्याचा कसा उभा राहणार होता गं? मला सांग."

ती सांगू लागली. साक्षीदार घड्याळं बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, बसा हो, सहीची घाई नाही.

सही : सुतारीण
साक्षीदार : शेजारच्या डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचे शिंपीकाका
स्थळ : घरामागची पॉलिशची खोली
दिनांक : आजचा रविवार, दुपार उलटून गेल्यावर