मोरीवरचा दिवा

३ फेब्रुवारी १९५७

...आणि मी परात विसळत होते. राख संपली म्हणून शेजारच्या सुंदराबाईंकडून मूठभर आणली. आधी तांबे, मग ताटं, शेवटी तवा. बाहेर काळोख, पण नळावर दिवा होता. ह्यांनीच लावलेला. गिरणीत वायरमनच्या हाताखाली काम, घरी आल्यावर मजल्याची सेवा! बायका अंधारात भांडी घासतात म्हणून गॅलरीतून तार ओढून मोरीवर दिवा टांगला. एवढीच ती सकाळ. तीच सारखी आठवते.

दिवाळीनंतर हे गेले. परवा मालकाच्या वायरमनने, भिवाने, जिन्यातली विजेची पेटी साफ केली. तेव्हापासून फ्यूज उडतोय. सगळा मजला काळोखात! सुंदराबाई म्हणाल्या, "कोंडीराम होता तोवर एकदा तरी दिवे गेले का ग?" नाही गेले. ऐकून बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

परत.

५ फेब्रुवारी

भिवा आला. "बाई, आधीची तार खिळ्याएवढी जाड होती. मी काढली. तिने फ्यूज उडत नाही, माणूस उडतो." हसला. बारीक तार बसवली, थोडी रमाकांतकडे ठेवून गेला — तो वरच्या मजल्यावरचा, संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करतो.

जाड तार कोणी घातली होती ते मी बोलले नाही.

६ फेब्रुवारी

ह्यांचं वीजकामाचं पुस्तक काढलं. मी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, वेळ लागतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा. ती तुटते म्हणून बाकीचं वाचतं. बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसले.

मग सगळ्या खोल्यांतले दिवे बंद करायला लावले. "काय शोधतेस, भूत?" — सुंदराबाई. फक्त मोरीवरचा चालू ठेवला. काही नाही. भांडी घासायला बसलो, पाणी भिंतीवर उडालं — फट्!

७ फेब्रुवारी

सुंदराबाईंची सून ललिता. सातवा महिना. नळाला हात लावला आणि किंचाळली! पातेलं लांब जाऊन पडलं. फ्यूज तेवढ्यात उडाला म्हणून वाचली. तिला ओट्यावर बसवलं. गूळपाणी दिलं.

मोरीमागची तार बघितली. वरचं कापड कुजलंय. ओल तारेत, तारेतून नळात. आणि तार ह्यांची.

आता आठवतं — दिवा लावल्यावर काही दिवसांनी फ्यूज उडायला लागला होता. एक दिवस हे हात पुसत आले, "आता नाही उडणार." मी कौतुकाने चहा टाकला!

कळलं होतं का त्यांना? नंतर बघू म्हटलं असेल. दोन-दोन पाळ्या करत होते. मग अंथरूणच धरलं. आता कोणाला विचारू?

८ फेब्रुवारी

उद्या चाळीच्या चौकात सभा. कर्ण्याला वीज आमच्या मजल्यावरून. रमाकांत आला. "वहिनी, कोंडीरामदादांच्या हत्यारांच्या डब्यात ती जाड तार असेल ना? द्या. भर सभेत दिवे गेले तर मुंबई कशी मिळायची?"

मी म्हटलं, त्यापेक्षा मोरीवरचा दिवा काढू. सुंदराबाई उसळल्या. "त्याची आठवण आहे ती! ललिताला थंडीने मुंग्या आल्या असतील. दे ग तार, त्याच्या हाताला यश होतं."

तार डब्यात आहे. दिली तर सगळे ह्यांचंच नाव घेतील. खरं सांगितलं तर — या मजल्यावर ह्यांचं तेवढंच तर उरलंय. चांगलं नाव.

"उद्या बघू," म्हटलं. माझ्याही तोंडी तेच!

९ फेब्रुवारी

सकाळी गॅलरीत सगळ्यांसमोर सांगितलं — दोष ह्यांच्या तारेत आहे, आणि जाड तार घालून तो ह्यांनीच झाकला. सुंदराबाई ललिताचा हात धरून उभ्या राहिल्या. रमाकांत म्हणाला, "मग कर्णा?" म्हटलं, "लागेल. नाही लागला तर ओरडा."

मेन बंद करायला लावला. ह्यांच्याच पकडीने मोरीवरची तार मी तोडली.